आधी पदरमोड, मग अनुदान: कॅरिबियन बेटांवरच्या 'बीजनिधी'चे दोन अर्थ

बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुशिया इथल्या विज्ञान-तंत्रज्ञानातल्या नव्या कंपन्यांबद्दल काही छापून आलं, की 'अमुक कंपनीला बीजनिधी मिळाला' या वाक्यावर बातमी संपते. तो निधी अनुदान होता की गुंतवणूक, हे कुठेच लिहिलेलं नसतं. दोन्हींत फरक काय, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: अनुदान परत करायचं नसतं आणि गुंतवणुकीत हिस्सा द्यावा लागतो. उत्तर बरोबर आहे, पण त्याने कुणाचंच काही अडत नाही. कंपन्या अडकतात त्या पैसा हातात कधी येतो या प्रश्नावर.

आपल्याकडेही हा गोंधळ रुजायला कारण आहे. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय कर्जरोखे किंवा कर्ज, असे दोन्ही प्रकार एकाच छत्राखाली आहेत. लोक दोन्हींना 'सीड फंड' म्हणतात. कॅरिबियनमध्ये मात्र हे दोन पैसे वेगळ्या दारांतून येतात आणि त्यांच्या अटी एकमेकींना छेद देतात.

गुंतवणुकीची बाजू थोडक्यात, कारण ती वाचकांना माहीत असते. समजा, ५० हजार अमेरिकी डॉलरची परिवर्तनीय नोट आहे, म्हणजे आज कर्ज म्हणून दिलेले आणि गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत समभागांत बदलणारे पैसे. व्याज ८ टक्के सरळ, मुदत २४ महिने, मूल्यांकनाची कमाल मर्यादा, म्हणजे समभागांत बदलताना कंपनीची जास्तीत जास्त किती किंमत धरायची ती, ५ लाख डॉलर. दोन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून ५८ हजार होतात. त्या मर्यादेवर ते समभागांत बदलले, तर पुढच्या फेरीतल्या गुंतवणूकदारांच्या आधी नोटधारकाचा हिस्सा सुमारे १०.४ टक्के होतो. बेटांपुरती एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढची फेरी झालीच नाही, तर मुदतीच्या दिवशी ही नोट सरळसरळ कर्ज असते. आणि इथे पुढची फेरी गृहीत धरता येत नाही. जमैकात २००९ पासून शेअर बाजाराचा ज्युनिअर मार्केट, म्हणजे छोट्या कंपन्यांसाठीचा विभाग, आहे, म्हणून तिथल्या गुंतवणूकदाराला बाहेर पडायची एक वाट तरी दिसते. पूर्व कॅरिबियनच्या छोट्या बेटांवर ती फारच अरुंद आहे. तिथे नोटेवर पैसे घेणाऱ्या कंपनीने मुदत तीन वर्षांपेक्षा कमी मान्य करू नये.

आता अनुदान. बार्बाडोसमध्ये मुख्यालय असलेल्या 'कॅरिबियन एक्सपोर्ट' या संस्थेने युरोपीय संघाच्या पैशातून 'डायरेक्ट असिस्टन्स ग्रँट स्कीम' राबवली. कमाल रक्कम ३० हजार युरो. योजना फक्त नवउद्योगांसाठी नव्हती, पण नव्या कंपन्यांनी तिच्याकडे बीजभांडवल म्हणून पाहणं साहजिकच आहे. तिच्या वर्णनातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र रकमेनंतर येतो आणि वाचताना निसटतो: प्रतिपूर्ती. म्हणजे तुम्ही आधी खर्च करायचा, बिलं आणि पैसे भरल्याचे पुरावे द्यायचे, ते तपासून मान्य झाले की ठरलेला भाग तुमच्या खात्यात येणार. ३० हजार ही मान्य खर्चावरची कमाल मर्यादा आहे. ती कुणी आगाऊ हातात ठेवत नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सरगॅसम शेवाळाचे ढीग येऊन पडतात. त्यापासून द्रवरूप खत करणारी एक कंपनी बार्बाडोसमध्ये आहे असं धरू. या शेवाळात आर्सेनिक असतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्यांशिवाय ते शेतात नेता येत नाही. टाकी आणि फिल्टर प्रेस (दाबून गाळणारं यंत्र) १८ हजार युरो, चाचण्या ६ हजार, प्रक्रिया बसवून देणारा सल्लागार ८ हजार, बाटल्या आणि लेबलं ४ हजार, कामगारांचं प्रशिक्षण ४ हजार. एकूण ४० हजार. योजना ७५ टक्के परत देणार असेल तर ३० हजार. कंपनी कागदावर मांडते की आपल्याला फक्त १० हजार उभे करायचे आहेत. चूक इथे होते.

यंत्र बाहेरून येतं. जहाजाचं भाडं आणि विमा ३ हजार धरा. हा खर्च बऱ्याच योजनांत अपात्र असतो. बार्बाडोसमध्ये मूल्यवर्धित कर १७.५ टक्के. यंत्र अधिक भाडं म्हणजे २१ हजारांवर तो ३,६७५ युरो होतो, आणि तो भरल्याशिवाय माल बंदरातून सुटत नाही. सीमाशुल्क लागलं तर ते वेगळं. कंपनी या कराखाली नोंदलेली असेल तर रक्कम पुढे वळती होते, पण अनुदानाच्या हिशेबात कर सहसा धरत नाहीत. म्हणजे अनुदानाचा पहिला युरो येण्याआधी कंपनीच्या खात्यातून ४६,६७५ युरो गेलेले असतात. शेवटी स्वतःचा खर्च १३ हजारांच्या आसपास येतो हे खरं, पण त्या शेवटापर्यंत तग धरायला जवळजवळ ४७ हजारांची पदरमोड करावी लागते.

आणि हा शेवट लांब असतो. करारावर सही झाल्यावर पहिल्या महिन्यात यंत्राची ऑर्डर जाते, तेव्हाच पुरवठादार अर्धे पैसे मागतो. यंत्र चौथ्या महिन्यात येतं, चाचण्या सातव्यात संपतात, दावा आठव्यात दाखल होतो. तपासणी, एखाद-दोन शंका, त्यांची उत्तरं यांत अकरावा महिना सहज उजाडतो. मधल्या काळासाठी ३० हजारांचं कर्ज १० टक्क्यांनी आठ महिने काढलं तर व्याज २ हजार युरो. हे व्याजही अपात्र. शिवाय अनुदानाचा करार तारण म्हणून चालेल असं धरून चालू नये, कारण दावा नाकारला जाऊ शकतो हे बँकेला माहीत असतं. ती जमीन किंवा घर मागते.

याउलट गुंतवणूकदाराचे ३० हजार सही झाली की खात्यात येतात, फार तर दोन हप्त्यांत. त्यातून भाडं, वीज, आधीपासून कामावर असलेल्या माणसांचे पगार देता येतात. अनुदानातून हे बहुतेक वेळा देता येत नाही. म्हणून महिन्याअखेरीस पगाराची ओढाताण होत असलेल्या कंपनीने प्रतिपूर्ती अनुदानाचा अर्ज करणं म्हणजे दुष्काळात विहीर खणायला घेणं. पाणी लागेलही, पण तोवर गुरं तगत नाहीत.

सगळी अनुदानं अशी नसतात, हेही सांगायला हवं. हवामानविषयक तंत्रज्ञानासाठी जमैका आणि त्रिनिदादमधल्या दोन संशोधन संस्थांनी मिळून २०१४ मध्ये सुरू केलेल्या कॅरिबियन क्लायमेट इनोव्हेशन सेंटरने कल्पना सिद्ध करण्यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत अनुदानं दिली. टप्पा गाठला की पुढचा हप्ता, अशा पद्धतीत निदान पहिला हप्ता कामाआधी येतो. त्यामुळे योजनेचं माहितीपत्रक हाती आलं की रकमेआधी तीन शब्द शोधावेत: आगाऊ, टप्पा, प्रतिपूर्ती. यांतला कोणता शब्द तिथे आहे, यावर सगळं ठरतं.

प्रतिपूर्तीचे दावे नाकारले जातात ते कामात खोट असते म्हणून नव्हे. यंत्र उत्तम चालत असतं, कागद चुकलेला असतो. करारावर सही होण्याच्या आधी दिलेली ऑर्डर अपात्र, भले एक दिवस आधीची असो. 'मंजुरी मिळाली' असं पत्र आलं म्हणून उत्साहात आगाऊ रक्कम भरणारे यातच सापडतात. मंजुरीचं पत्र आणि सही झालेला करार एक नव्हेत. संस्थापकाने स्वतःच्या क्रेडिट कार्डाने पैसे भरले तर ते कंपनीच्या खात्यातून गेलेले दिसत नाहीत. बिल कंपनीच्या नोंदणीकृत नावाऐवजी दुकानाच्या प्रचलित नावावर असलं की पत्रापत्री सुरू होते. रोख रकमेचं तर नावच नको.

तीन दरपत्रकांची अट बेटावर खास जाच करते. फिल्टर प्रेस विकणारा अख्ख्या बेटावर एकच असेल, तर उरलेली दोन दरपत्रकं आणायची कुठून? इथे लोक पुरवठादाराच्या ओळखीच्यांकडून नावापुरती दोन कागदं आणतात. असं कधीही करू नये. तपासणीत तिन्हींचा मजकूर सारखा दिसला की पूर्ण दावाच जातो. शेजारच्या बेटावरून किंवा परदेशातून खरी दरपत्रकं मागवावीत, नाहीतर एकमेव पुरवठादार असल्याचं कारण लेखी मांडून खरेदीच्या आधी मान्यता घ्यावी. पुरवठादार नात्यातला असेल तर तेही आधीच जाहीर करावं. तीन लाखांहून कमी वस्तीच्या बेटावर नातं निघणं काही गैर नाही, पण लपवलेलं नातं उघड झालं तर दावा वाचत नाही.

चलनाचा फटका कुणी मोजत नाही. बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकी डॉलरशी २ ला १ असा बांधलेला आहे, पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून २.७० ला. खर्च या चलनांत किंवा अमेरिकी डॉलरमध्ये होतो, अनुदान मात्र युरोमध्ये. ३० हजार युरो म्हणजे १.१२ च्या दराने ३३,६०० अमेरिकी डॉलर, १.०५ च्या दराने ३१,५००. अकरा महिन्यांत युरो एवढा घसरला तर ४,२०० बार्बाडोस डॉलर उडाले, आणि ते कुणी भरून देत नाही. कोणत्या दिवसाचा दर लावणार, हे करारात लिहिलेलं असतं. ते कलम वाचूनच अंदाजपत्रक करावं.

मालकीच्या अटींचा संघर्ष थोडक्यात सांगतो. परदेशी गुंतवणूकदार अनेकदा कंपनीची मूळ नोंदणी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात हलवायला सांगतो आणि पेटंटही तिकडे नेतो. अनुदान देणाऱ्याला कंपनी कॅरिफोरम या कॅरिबियन देशांच्या गटातच नोंदलेली हवी असते, आणि अनुदानातून तयार झालेलं ज्ञान बाहेर न्यायला त्याची परवानगी लागू शकते. दोन्ही करार एकाच वकिलाला एकाच वेळी दाखवावेत. हिशेबाच्या वहीत अनुदान अटी पुऱ्या झाल्यावर उत्पन्न म्हणून येतं, समभागांचे पैसे भांडवलात जातात. हे काम हिशेबनीस सांभाळतो.

क्रमाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: आधी छोटी नोट, मग प्रतिपूर्ती अनुदान. नोटेचे पैसे बहुतेक योजनांत स्वतःचा वाटा म्हणून चालतात, आणि तेच पैसे मधल्या महिन्यांचा खड्डाही भरतात. एका सार्वजनिक अनुदानाचे पैसे दुसऱ्या अनुदानात स्वतःचा वाटा म्हणून दाखवणं मात्र चालत नाही. तो दुहेरी लाभ ठरतो. उलट क्रमाने जाणारी कंपनी आठव्या महिन्यात, खात्यात काही नसताना, गुंतवणूकदारापुढे बसते आणि तेव्हा मूल्यांकन तोच ठरवतो.

वेळापत्रक आखताना १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ आधी खुणावून ठेवावा. २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आणि मग जमैकावर येऊन गेलं. बंदर बंद पडलं, यंत्र अडकलं, आणि शेवटचा हप्ता प्रकल्पाच्या अंतिम तारखेनंतर भरला गेला, तर तेवढा खर्च बाद होतो. वादळाचं कारण आपोआप लागू होत नाही. मुदतवाढीचं पत्र अंतिम तारखेच्या आधी, जहाज कंपनीच्या विलंबपत्रासह पोहोचलं पाहिजे, आणि त्याची पोच हाती असली पाहिजे.