बायोमेडिकल शास्त्रज्ञाचं करिअर आणि सायटेशनचा हिशेब

रोग, औषधं, पेशी, जनुकं अशा विषयांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचं आयुष्यभराचं काम शेवटी पेपरांच्या, म्हणजे शोधनिबंधांच्या, यादीत मोजलं जातं, आणि त्या यादीचं वजन ठरतं सायटेशनवर, म्हणजे नंतरच्या किती पेपरांनी त्याच्या पेपरचा संदर्भ दिला यावर. नोकरी, प्रमोशन, ग्रँट, पुरस्कार, सगळीकडे हा आकडा आडवा येतो. पण सायटेशन सांगतं काय, तर तो पेपर किती जणांच्या कामी आला. तो किती मोठा होता, किंवा मुळात बरोबर तरी होता का, हे त्यातून कळेलच असं नाही, आणि या विषयातले बहुतेक वाद फिरून फिरून इथेच येतात.

करिअरचा साधारण रस्ता असा, आधी पीएचडी, मग एक किंवा दोन पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये ठराविक मुदतीचं संशोधन, आणि नशीब व ग्रँट दोन्ही जुळलं तर स्वतःची लॅब. बायोमेडिकलमध्ये लेखकांच्या नावांचा क्रम फार बोलका असतो. पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केले त्याचं, शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं, आणि मधली नावं बाकीच्यांची. गणितासारख्या विषयात नावं बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, तिथे असलं काही कळत नाही. त्यामुळे एखाद्याची यादी वर्षांप्रमाणे लावून बघितली की सुरुवातीला तो पहिला लेखक दिसतो आणि मग हळूहळू शेवटच्या जागेवर सरकतो, आणि तेव्हाच समजायचं की आता याची स्वतःची लॅब उभी राहिली. जो वर्षानुवर्षं मधेच अडकलेला दिसतो त्याला ग्रँट मिळवणं जड जातं, भले त्याच्याशिवाय लॅबमधलं एकही मशीन चालत नसेल. कोणी काय केलं हे नीट लिहावं म्हणून क्रेडिट नावाची 14 भूमिकांची यादी आली, बऱ्याच जर्नल्स ती भरून घेतात, पण निवड समितीत ती कितीजण वाचत असतील कोण जाणे.

विज्ञानातल्या कोणत्या पेपरला पुढे कोणी साइट केलं, म्हणजे त्याचा संदर्भ दिला, याची सूची बनवायची कल्पना युजीन गारफिल्ड यांची. 1955 साली त्यांनी ती मांडली आणि 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू झाला. मूळ हेतू अगदी साधा होता, एखाद्या जुन्या पेपरवर पुढे कोणी काय काम केलं, कोणी तो खोडला का, हे शोधता यावं. माणसांना मार्क द्यायला तो बनवलेलाच नव्हता. त्यातूनच पुढे इम्पॅक्ट फॅक्टर आला, आणि हा जर्नलचा आकडा आहे, शास्त्रज्ञाचा नाही. उदाहरणार्थ 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलने 2022 आणि 2023 मध्ये छापलेल्या मजकुराला 2024 मध्ये मिळालेली सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतल्या पेपरांची संख्या. गंमत अशी की संपादकीय, पत्रं वगैरेंना मिळालेली सायटेशन्स वरच्या आकड्यात धरतात पण ते लेख स्वतः खालच्या आकड्यात येत नाहीत, म्हणजे जर्नलला ती फुकटचीच मिळतात.

शिवाय ही सरासरी आहे आणि सरासरी एकट्यादुकट्या पेपरने कुठच्या कुठे जाते. स्फटिकशास्त्राच्या अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर 2008 मध्ये 2 च्या आसपास होता आणि 2009 मध्ये एकदम 50 ला टेकला. कारण एकच, रेणूंची रचना काढायच्या शेलएक्स या सॉफ्टवेअरवरचा एक लेख, जो ते सॉफ्टवेअर वापरणारा जो तो साइट करत होता. बाकीचे पेपर होते तसेच होते, पण त्या वर्षी त्या जर्नलमध्ये छापून आलेल्या प्रत्येकाचा बायोडेटा उगाच चमकला असणार.

माणसाचा स्वतःचा आकडा म्हणजे एच-इंडेक्स, ज्याच्या एच पेपरांना प्रत्येकी किमान एच सायटेशन्स आहेत त्याचा आकडा एच. 2005 मध्ये होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. समजा एखाद्याचे सात पेपर आहेत आणि त्यांना 120, 45, 18, 9, 6, 4 आणि 1 अशी सायटेशन्स आहेत. उतरत्या क्रमाने मोजत जायचं, पाचव्या पेपरला 6 आहेत म्हणजे पाच किंवा जास्त आहेत, सहाव्याला मात्र 4 च, म्हणून एच-इंडेक्स 5. आता त्यातल्या पहिल्या पेपरला 120 च्या जागी 12,000 सायटेशन्स मिळाली तरी उत्तर 5 च राहतं. म्हणजे आयुष्यात एकच जबरदस्त शोध लावणाऱ्यापेक्षा दरवर्षी चार बरे पेपर काढणारा इथे पुढे जातो. आणि हा आकडा कधी कमी होत नाही, माणूस रिटायर झाला तरी वाढतच राहतो, त्यामुळे तिशीतल्या पोस्टडॉकची साठीतल्या प्रोफेसरशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. स्वतः हर्श यांनीच 2020 मध्ये लिहिलं की हा आकडा कधी कधी साफ फसतो आणि त्याचे वाईट परिणाम होऊ शकतात.

त्यात एच-इंडेक्स कुठे बघितला यावरही तो बदलतो. वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या तिन्ही डेटाबेसचे आकडे वेगळे, आणि स्कॉलरचा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा कारण ते प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच नेटवर टाकलेले पेपर), थिसिस, पुस्तकं सगळंच गोळा करतं. गोळा करताना तपासणी फारशी नसते. 2010 मध्ये सिरिल लाबे या संशोधकाने इक अँटकेअर नावाचा एक खोटा शास्त्रज्ञ तयार केला, प्रोग्रामने लिहिलेले निरर्थक पेपर एकमेकांना साइट करत नेटवर टाकले, आणि त्या अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स 94 झाला! नावांचा घोळ तर वेगळाच, सारख्या आडनावाची आणि सारख्या इनिशियलची दहा माणसं एकत्र मिसळतात, किंवा लग्नानंतर नाव बदललं की एकाच बाईचं काम दोन जणींमध्ये वाटलं जातं. त्यासाठी 2012 पासून ऑर्किड नावाचा 16 आकडी नंबर मिळतो, तो घेतलेला बरा.

आता सर्वात जास्त साइट झालेला पेपर कोणता? बहुतेकांना वाटेल डीएनएच्या रचनेचा किंवा एखाद्या मोठ्या औषधाचा. तसं नाही. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा पेपर, ज्यात द्रावणात प्रोटीन किती आहे ते कसं मोजायचं एवढंच सांगितलंय. क्षारयुक्त द्रावणात तांबं घालायचं, मग फोलिनचं रिएजंट, निळा रंग येतो आणि तो जितका गडद तितकं प्रोटीन जास्त. 2014 पर्यंतच त्याला 3 लाखांच्या वर सायटेशन्स झाली होती. त्याच गणतीत दुसरा लेम्ली यांचा 1970 चा पेपर, तिसरा ब्रॅडफर्ड यांचा 1976 चा, दोन्ही प्रोटीनच्याच प्रयोगांचे, म्हणजे रोज लॅबमध्ये लागणाऱ्या पद्धती. लाउरी स्वतः म्हणायचे की हा काही माझा थोर पेपर नाही. आणि वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा डीएनएचा पेपर त्या वेळच्या पहिल्या शंभरातही नव्हता, कारण डीएनए दुपदरी असतो हे लिहिताना आता कोणी संदर्भ देतच नाही, ते सगळ्यांचं सामान्यज्ञान होऊन गेलंय.

उलट बाजूचं उदाहरण कातालिन कारिको या जैवरसायनशास्त्रज्ञाचं. एमआरएनए, म्हणजे पेशीला कोणतं प्रोटीन बनवायचं ते सांगणारा रेणू, त्यापासून औषध बनवायचं हा त्यांचा ध्यास, पण ग्रँट मिळेनात, 1995 मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. 2005 मध्ये ड्रू वाइसमन यांच्याबरोबर त्यांनी इम्युनिटी या जर्नलमध्ये दाखवलं की एमआरएनएमधला युरिडिन हा घटक थोडा बदलला की शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. 2020 मध्ये कोविडच्या लशी त्याच तत्त्वावर आल्या आणि 2023 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. 2010 साली कोणी फक्त आकडे बघून कारिको यांना ग्रँट द्यायची की नाही ते ठरवलं असतं तर उत्तर बहुधा नाही असंच आलं असतं.

जास्त सायटेशन म्हणजे चांगलं काम हेही खरं नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध लावणारा 1998 चा लॅन्सेट या जर्नलमधला पेपर फक्त 12 मुलांवरचा होता आणि 2010 मध्ये तो मागे घेतला गेला, तरी त्याला हजाराच्या वर सायटेशन्स आहेत, बरीचशी तो चूक आहे हे सांगणारी. आकडा मोजणाऱ्या मशीनला मात्र शिवी आणि शाबासकी सारखीच. अल्झायमरवरचा नेचरमधला 2006 चा एक पेपर 2,000 पेक्षा जास्त वेळा साइट झाला आणि चित्रांमधल्या फेरफारामुळे 2024 मध्ये मागे घ्यावा लागला. अठरा वर्षं लोक त्याच्यावर काम रचत होते, हे त्या सायटेशनच्या आकड्यात कुठे दिसत नाही.

आकडा फुगवायचे उद्योगही चालतात. स्वतःलाच साइट करणं, एकमेकांना साइट करायचे ग्रुप, दुसऱ्याचा पेपर छापण्याआधी तपासताना त्यात माझे पेपर घाला म्हणून दबाव. जगभरातल्या रोगांचा हिशेब मांडणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या शेकडो लेखकांच्या पेपरात मधे कुठेतरी नाव असलं तरी सायटेशन पूर्ण मिळतं, त्यात गैर काही नाही पण तुलना बिघडते. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू लेखांना मूळ प्रयोगांपेक्षा जास्त सायटेशन्स मिळतात हेही जुनं दुखणं. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने 2016 मध्ये रिलेटिव्ह सायटेशन रेशो आणला, त्यात पेपरची तुलना त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षाच्या पेपरांशी होते आणि 1 म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेला मधला पेपर. एच-इंडेक्सपेक्षा हे नक्कीच शहाणपणाचं आहे, कारण छोट्या क्षेत्रात काम करणाऱ्यावर अन्याय कमी होतो, पण नव्या पेपरला तरीही वाट बघावीच लागते.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला जोखू नका असं सांगणारा डोरा हा जाहीरनामा 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला, 2015 मध्ये आकड्यांवरून संशोधन जोखताना काय पाळावं हे सांगणारा लायडन मॅनिफेस्टो आला, हजारो संस्थांनी आणि लोकांनी डोरावर सह्या केल्या. एनआयएचच्या बायोस्केचमध्ये, म्हणजे ग्रँटच्या अर्जासोबतच्या बायोडेटात, 2015 पासून संशोधकाला आपली जास्तीत जास्त पाच महत्त्वाची कामं शब्दांत सांगायला मिळू लागली, प्रत्येकासोबत तेव्हा चारपर्यंत पेपर, आणि त्यात आपला नेमका वाटा काय तेही लिहायचं. लाउरीसारख्याला तिथे आपला थोर पेपर कोणता ते स्वतः सांगता आलं असतं. अर्थात समितीतला एखादा सदस्य अर्ज वाचता वाचता शेजारच्या टॅबमध्ये गूगल स्कॉलर उघडून बसला, तर त्याला अडवणारा नियम कुठल्याच जाहीरनाम्यात नाही.