प्रायमरीतली हवा आणि प्रायमरीतला हिशोब : शेवटी मतदान करणारी राज्यं कशात मोजायची?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि तिथली प्रायमरी (अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान) असते जूनमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळ्यात शेवटी. 2024 ला तिने मला विचारलं, अगं 12 मार्चलाच बायडन आणि ट्रम्प दोघांचेही राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला लागणारे डेलिगेट (पक्षाचा उमेदवार निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी) पुरे झाले, मग 4 जूनला मी जाऊन काय करू? प्रश्न रास्त आहे, पण त्यात हवा आणि हिशोब एकत्र कालवले जातात, टीव्हीवर तर रोजच कालवतात, म्हणून जरा सुटं करून सांगते.

हवा, म्हणजे हाच जिंकणार असं वातावरण, होते सुरुवातीच्या राज्यांत. 2008 ला आयोवातून डेमोक्रॅटिक पक्षाचे प्लेज्ड, म्हणजे मतदानाच्या निकालाला बांधलेले, डेलिगेट जायचे फक्त 45, उमेदवारीला लागत होते दोन हजारांच्या वर, तरी 3 जानेवारीला ओबामा तिथे पहिले आले, हिलरी क्लिंटन तिसऱ्या, आणि एका रात्रीत ओबामा खरंच जिंकू शकतात असं लोकांना वाटायला लागलं. त्याच रात्री जो बायडन आणि ख्रिस डॉड शर्यतीतून बाहेर पडले. हे चाळणं पहिल्या राज्यांच्याच हातात असतं, जूनवाल्यांसमोर उरलेलेच येतात, आणि हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

हिशोब म्हणजे डेलिगेटची बेरीज. इथे जानेवारीत निवडलेल्या डेलिगेटचं मत आणि जूनमध्ये निवडलेल्याचं मत सारखंच, निम्म्याच्या वर एक झाला की झालं. पण ती बेरीज वाढते कशी हे पक्षाच्या नियमावर आहे आणि खरी गंमत तिथेच आहे.

डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात डेलिगेट वाटतात, 15 टक्क्यांच्या खाली राहिलात तर काही नाही. म्हणजे 2008 च्या फेब्रुवारीत क्लिंटननी कॅलिफोर्निया आठेक टक्क्यांनी जिंकलं, केवढं मोठं राज्य, पण वाटणी झाली 204 आणि 166, निव्वळ फायदा 38 चा. मग ओबामांनी लागोपाठ राज्यं घेतली, आघाडी शंभरावर गेली आणि ती फिटेचना. 1 जूनला पोर्टो रिकोत क्लिंटनना दोनतृतीयांश मतं पडली तरी हाती लागले जास्तीचे 21, 3 जूनला शेवटच्या दिवशी साउथ डकोटा पण त्यांनीच जिंकलं आणि त्याच दिवशी सुपरडेलिगेट (निकालाला न बांधलेले पक्षाचे नेते) धरून ओबामांचा आकडा पूर्ण झाला. बघा ना, या नियमात मागाहून येऊन बाजी पलटवणं महाकठीण, पण चुरस असली की शेवटच्या राज्यांपर्यंत बेरीजही पुरी होत नाही. ग्वाम या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचंच घ्या, 3 मे ला ओबामांना 2264 आणि क्लिंटनना 2257, सात मतांचा फरक, मोजणी रात्रभर डोळ्यांत तेल घालून, आणि डेलिगेटची मतं शेवटी निम्मी-निम्मी. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ग्वामच्या लोकांना राष्ट्राध्यक्षासाठी मतच नाही, त्यांचा जो काही आवाज आहे तो या पक्षाच्या उमेदवार निवडीतच.

रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत जिंकेल त्याला सगळे किंवा जवळपास सगळे मिळतात, तिथे उशिराचं राज्य खरोखर बाजी पलटवू शकतं. 1964 ला उमेदवारीच्या शर्यतीत बॅरी गोल्डवॉटर ओरेगनला नेल्सन रॉकफेलरकडून हरले होते, मग 2 जूनला कॅलिफोर्निया थोडक्यात काढलं आणि तिथले सगळे 86 डेलिगेट एकट्याचे. 2016 ला 3 मे ला इंडियाना, ट्रम्पना मतं निम्म्याहून थोडी जास्त पण डेलिगेट 57 च्या 57, टेड क्रूझ त्याच रात्री थांबले, जॉन केसिक दुसऱ्या दिवशी.

हवेच्या मागे लागून हिशोब गमावल्याचं उदाहरण पण 2008 चंच आहे. मिशिगन आणि फ्लोरिडाने नियम मोडून जानेवारीतच मतदान उरकलं, पक्षाने त्यांचे सगळे डेलिगेट काढून घेतले, 31 मे ला कसंबसं प्रत्येक डेलिगेटला अर्धं मत परत दिलं. आपल्या जागी थांबले असते तर त्या वर्षी दोन्ही उमेदवार त्यांच्या दारात ठाण मांडून बसले असते असं माझं ठाम मत आहे.

तर बहिणीला मी सांगितलं की हवा संपलीये हे खरं, पण तुझ्याकडून डेलिगेट जाणार आहेत आणि त्याच दिवशी सिनेटची प्रायमरी पण आहे, जा. ती गेली. अँडी किम यांना सिनेटची उमेदवारी त्याच दिवशी मिळाली. मग 21 जुलैला बायडननी माघार घेतली आणि आता कोण हे ठरवायचं काम आलं त्या सगळ्या राज्यांतून निवडून गेलेल्या डेलिगेटांवर, ज्यात न्यू जर्सीचेही होते, आणि त्यांनी ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिसना उमेदवार केलं.