बेसबॉल ग्लोव्ह : रचना, चामडे आणि सोलापूरची हवा

बेसबॉल ग्लोव्ह : बेसबॉल व सॉफ्टबॉलमध्ये चेंडू झेलण्यासाठी वापरायचा चामड्याचा पंजा. ज्या हाताने खेळाडू चेंडू फेकतो त्याच्या विरुद्ध हातात तो घालतात. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाखेरीज कोणाही क्षेत्ररक्षकाला ग्लोव्हज घालता येत नाहीत. बेसबॉलमध्ये नऊही जण घालतात. सोलापुरात शालेय स्पर्धांच्या वाटेने या खेळाकडे येणाऱ्या मुलांचे हात बहुधा क्रिकेटवर तयार झालेले असतात. ओंजळ करून, हात मागे घेत झेल पकडायची त्यांना सवय असते. ग्लोव्हमध्ये मात्र चेंडू तळव्यावर घ्यायचा नसतो, तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खोलगट ‘पॉकेट’मध्ये बसवायचा असतो. तळव्यावर घेतला की हात झिणझिणतो आणि चेंडूही उसळून निसटतो.

सुरुवातीचे खेळाडू उघड्या हातांनीच खेळत. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या चार्ल्स वेट या खेळाडूने ग्लोव्ह घातला, तोही कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून कातडीच्या रंगाचा. दोन वर्षांनी अल्बर्ट स्पाल्डिंगने उघडपणे काळा ग्लोव्ह घातला आणि संकोच मोडला. खरा पालट १९२० च्या सुमारास झाला. बिल डोक या पिचरने, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चामडी दोऱ्यांची जाळी, म्हणजे ‘वेब’, विणण्याची कल्पना रॉलिंग्ज कंपनीला दिली. तोवर ग्लोव्ह हाताला संरक्षण देत होता. त्यानंतर तो झेल पकडण्याचे साधन झाला.

आजची पसंती खेळाडूच्या जागेवरून ठरते. सेकंड बेसवरच्या आणि शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला सव्वा अकरा ते साडेअकरा इंच लांबीचा, उथळ पॉकेटचा ग्लोव्ह लागतो, कारण चेंडू हातात येताच काढून फेकायचा असतो. त्यांच्या ग्लोव्हला बहुधा इंग्रजी ‘I’ च्या आकाराची उघडी आय-वेब असते. थर्ड बेसवर जोरकस फटके येतात, म्हणून तिथे थोडा मोठा. आउटफिल्डरला, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाला, धावत, हात लांबवून झेल घ्यावा लागतो. त्याचा ग्लोव्ह साडेबारा-पावणेतेरा इंच, पॉकेट खोल. चेंडूवरची बोटांची पकड बॅटरला दिसू नये म्हणून पिचर बंद वेब निवडतो. त्याच्या ग्लोव्हचा रंग पांढरा किंवा राखाडी नसावा, असा नियम आहे. कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) आणि फर्स्ट बेसच्या ‘मिट’ला सुटी बोटे नसतात. सॉफ्टबॉलच्या चेंडूचा घेर १२ इंच, बेसबॉलचा सुमारे ९ इंच. त्यामुळे सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह मोठा आणि खोल.

लहान मुलांसाठी ‘वाढत्या वयाला चालेल’ म्हणून मोठा ग्लोव्ह घेणे चुकीचे आहे. हातात सैल पडणारा ग्लोव्ह मिटत नाही आणि मिटला नाही तर झेल टिकत नाही. दहा-अकरा इंच पुरतात. शाळेच्या किटमध्ये डावखुऱ्यांसाठी, म्हणजे उजव्या हातात घालायचे, एक-दोन ग्लोव्ह असलेच पाहिजेत. नाहीतर तो मुलगा किंवा मुलगी चुकीच्या हाताने फेकायला शिकते.

चामड्यात अनुभवी खेळाडूंचा कल दोन प्रकारांकडे असतो. स्टीअरहाइड हे बैलाचे जाड, टिकाऊ कातडे. ते ताठ असते, हाताला वळायला वेळ घेते, पण आकार सोडत नाही. किप हे कमी वयाच्या जनावराचे. हलके, घट्ट पोताचे आणि महाग. डुकराचे चामडे आणि कृत्रिम चामडे स्वस्त ग्लोव्हसाठी वापरतात. ते लगेच मऊ पडतात, पण वेगवान चेंडूसमोर लवकर ढिले होतात. शिकाऊ मुलाला मात्र पहिल्याच दिवशी मिटता येणारा असा ग्लोव्ह महागड्या ताठ ग्लोव्हपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

सोलापूर जिल्ह्याला चामड्याचे काम परके नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूरही आहे. पण ते चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले, पायाखाली टिकणारे असते. ग्लोव्हचे चामडे बहुतांशी क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले, वारंवार दुमडूनही न तडकणारे लागते. एकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही.

इथल्या हवेत देखभालीला अधिक महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या ग्लोव्हमधला स्निग्धांश उडतो आणि चामडे तडकते. लॅनोलिनयुक्त (लोकरीतल्या स्निग्ध पदार्थाच्या) कंडिशनरचा पातळ हात पुरतो; तेल चोपडले तर ग्लोव्ह जड आणि ढिला होतो. घाम टॉवेलने टिपावा, सोलापुरात टॉवेलांची काय वाण! पावसात भिजला तर सावलीत वाळवावा. नवा ग्लोव्ह वळवण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे रोज झेलाझेली करणे आणि रात्री पॉकेटमध्ये चेंडू ठेवून तो बांधून ठेवणे. सर्वांत आधी झिजते ती चामडी लेस. ती वेळीच बदलली तर त्याच चामड्यावर ग्लोव्ह आणखी काही हंगाम चालतो. ओवण्याचा मार्ग लक्षात राहावा म्हणून जुनी लेस काढण्याआधी फोटो काढून ठेवावा.