बोर्डावरची डिस्क मंद का पडते: कर्नल कॉन्फिगमधल्या भांडणाची पार्श्वभूमी

एसएसडी तीच, केबल तीच, बोर्डही तोच. फक्त डिस्ट्रो (लिनक्सचे तयार वितरण) बदलली किंवा कर्नल (लिनक्सचा गाभा) एक-दोन आवृत्त्या पुढे गेला आणि डिस्कचा वेग घसरला, ही तक्रार रास्पबेरी पायसारखे सिंगल-बोर्ड संगणक वापरणाऱ्यांत जुनीच आहे. संशय आधी केबलवर जातो, मग वीजपुरवठ्यावर, मग डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या यूएसबी-साटा ब्रिजवर. तिघेही अधूनमधून खरोखरच दोषी निघतात. तरी धागा मागे ओढत गेले की बरीच प्रकरणे 2010 सालच्या दोन निर्णयांपाशी येऊन थांबतात. ते झाले तेव्हा पहिला रास्पबेरी पाय बाजारात यायला अजून दोन वर्षे होती.

पहिला निर्णय ऑनडिमांड गव्हर्नरमधला. गव्हर्नर म्हणजे प्रोसेसरचे घड्याळ, म्हणजे त्याचा वेग, ठरवणारा कर्नलचा भाग. डिस्कच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ कामाचा धरायचा की रिकामा, हा प्रश्न होता. रिकामा धरला तर डिस्कवर धो-धो काम चालू असतानाही प्रोसेसर निवांत दिसतो आणि घड्याळ खालच्या वेगावर राहते. कामाचा धरला तर वीज जास्त खर्च होते. यासाठी 'आयओ-इज-बिझी' ही कळ आली. इंटेलच्या कोअर 2 आणि त्यापुढच्या प्रोसेसरांना तिचे मूळ मूल्य 1 (कामाचा) मिळाले, फोन आणि या बोर्डांतल्या एआरएम प्रोसेसरांना 0 (रिकामा).

एआरएमला 0 का, याचे कारण कोडमधल्या टिप्पणीत नोंदलेले आहे. चढ्या वेगावर स्वस्थ बसणे परवडते की नाही हे प्रोसेसरागणिक बदलते, आणि फोनच्या क्षेत्रातल्या एका अभियंत्याच्या म्हणण्यानुसार एआरएमवर ते परवडत नाही. म्हणून माहितीतल्या ठरावीक मालिका यादीत घ्यायच्या आणि बाकीचे वापरणाऱ्यावर सोडायचे. टिप्पणीत एवढेच आहे. ना मोजमाप, ना कोणत्या चिपवर पाहिले याचा उल्लेख. पुढे लाखो बोर्डांना लागू होणाऱ्या निर्णयाला हा आधार तोकडाच म्हणायला हवा. अर्थात फोनच्या बाजूने पाहिले तर तो चूकही नव्हता. तिथे बॅटरी वाचवणे हेच पहिले काम, आणि 'वापरणारा' म्हणजे फोन बनवणारी कंपनी. तिच्याकडे ही मूल्ये जुळवणारी माणसे असतात. बोर्डांच्या जगात ती जबाबदारी कुणाचीच नव्हती.

परिणाम कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. प्रोग्राम 4 केबीचा तुकडा मागतो आणि झोपतो. प्रोसेसर रिकामा. उत्तर आले की इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेली हाक), यूएसबीचा थर, स्कझीचा (डिस्कच्या आज्ञांचा) थर, फाइल सिस्टीम असा सगळा प्रवास प्रोसेसरच्या अंगावर येतो, पण घड्याळ खाली असल्याने तो रेंगाळतो. पुढची मागणी तेवढी उशिरा निघते, म्हणजे डिस्कही रिकामी बसते. ऑनडिमांडचा वेग वाढवण्याचा मूळ उंबरठा 80 टक्के, आणि रिकामा वेळ बारकाईने मोजता येत असेल तर 95; असल्या कामात भार तिथवर पोचतच नाही. मोठ्या सलग फाइलींना फारसा फरक पडत नाही, छोट्या विखुरलेल्या मागण्यांचे हाल होतात. गंमत अशी, की दुसऱ्या टर्मिनलवर प्रोसेसरला निरर्थक आकडेमोडीत गुंतवले की डिस्क वेगवान होते. निदानासाठी याइतका सोपा प्रयोग दुसरा नाही.

त्याच वर्षीचा दुसरा निर्णय कॉन्फिग फाइलींबद्दलचा. एआरएमच्या प्रत्येक बोर्डाची हजारभर ओळींची डेफकॉन्फिग, म्हणजे कर्नल बांधतानाच्या पर्यायांची फाइल, कर्नलमध्ये साठत होती. मुख्य देखभालकर्ता वैतागला, या फाइली उडवूनच टाकू म्हणाला, आणि मग त्यांची छाटणी झाली. लाखाहून जास्त ओळी गेल्या. तेव्हापासून मूळ मूल्यापेक्षा वेगळे असेल तेवढेच लिहायचे अशी पद्धत पडली. स्वच्छता झाली खरी, पण फाइलीत जे लिहिलेले नाही ते मुद्दाम निवडले होते की कुणी पाहिलेच नव्हते, हे कळायची सोय गेली. शिवाय मूळ मूल्य वर कुठे बदलले, तर बोर्डाच्या फाइलीत एक अक्षर न बदलता बोर्डाचे वागणे बदलते.

नेमके तेच गव्हर्नरच्या बाबतीत झाले. शेडयुटिल हा नवा गव्हर्नर 2016 मध्ये आला आणि 2020 च्या आसपास एआरएमसाठी मूळ गव्हर्नर ठरला. ज्या डेफकॉन्फिगमध्ये गव्हर्नरचे नाव नव्हते ते बोर्ड न विचारता शेडयुटिलवर गेले. काही डिस्ट्रोंनी तोवर ऑनडिमांडची दुखणी ओळखून बूटच्या वेळी 'आयओ-इज-बिझी' 1 करणाऱ्या स्क्रिप्ट बसवल्या होत्या. ती कळ ऑनडिमांडची, त्यामुळे या स्क्रिप्टना लिहायला फाइलच उरली नाही. शेडयुटिलची स्वतःची सोय आहे: डिस्कची वाट पाहून जागा झालेल्या कामासाठी तो घड्याळ चढवतो. सुरुवातीला ही उडी थेट कमाल वेगावर असे. वीज फार जाते म्हणून पुढे ती पायरीपायरीने दुप्पट होणारी केली. मागण्यांमध्ये खंड पडला की पायऱ्या पुन्हा खालून चढायच्या.

त्याआधीचा, एसडी कार्डचा काळ याबाबतीत निरुपद्रवी होता. कार्डच इतके मंद, की घड्याळ कुठे आहे याने फार बिघडत नसे. 2019 मध्ये रास्पबेरी पाय 4 वर यूएसबी 3 आले आणि झाकलेले उघडे पडले. पायच्या कर्नलमध्ये मूळ गव्हर्नर होता पॉवरसेव्ह, म्हणजे कायम किमान वेग. बूट झाल्यावर अधिकृत डिस्ट्रोची एक स्क्रिप्ट तो ऑनडिमांडवर नेत असे. ज्यांनी कर्नल उचलला पण स्क्रिप्ट नाही, त्यांचे बोर्ड 1500 ऐवजी 600 मेगाहर्ट्झवर चालत राहिले. कर्नल आणि डिस्ट्रो दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

मोठे-छोटे कोअर एकत्र असलेल्या चिपांवर गुंता वाढतो. रॉकचिप कंपनीच्या आरके3399 मध्ये दोन मोठे आणि चार छोटे, आरके3588 मध्ये चार-चार. प्रत्येक गटाचे घड्याळ वेगळे, म्हणून गव्हर्नरच्या कळाही प्रत्येक गटाच्या 'पॉलिसी' फोल्डरात जातात. सगळ्या प्रोसेसरांसाठी एकच फोल्डर धरून लिहिलेली स्क्रिप्ट तिथे मुकाट्याने निष्फळ ठरते. त्यातच इंटरप्ट सहसा शून्य क्रमांकाच्या, म्हणजे छोट्या कोअरवर येतात. प्रोग्राम मोठ्या कोअरवर असेल तर चढवलेला वेग भलत्याच गटाला मिळतो.

डिस्कच्या मागण्यांचा क्रम लावणाऱ्या आय-ओ शेड्युलरची कथा त्यामानाने छोटी. पायच्या कर्नल कमांडलाइनमध्ये (बूटच्या वेळी कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) 'एलिव्हेटर=डेडलाइन' वर्षानुवर्षे होते. 2019 च्या 5.0 आवृत्तीत जुना एकरांगी मार्ग सीएफक्यू या शेड्युलरसकट काढून टाकला, आणि या शब्दाचा आता काही उपयोग नाही अशी सूचना कर्नल देऊ लागला. तरी जुन्या मार्गदर्शिकांतून तो अजून चिकटवला जातो. त्याने नुकसान होत नाही, फायदाही नाही.

यूएसबी डिस्कला अनेक आज्ञा एकदम पाठवणाऱ्या यूएएसने मात्र नुकसान केले. हा ड्रायव्हर कर्नलमध्ये असूनही काही काळ 'मोडका' म्हणून बंद होता आणि 2014 मध्ये पुन्हा खुला झाला. पण बोर्डांचे व्हेंडर (चिप बनवणाऱ्यांनी दिलेले) कर्नल 3.4 आणि 3.10 वर अडकलेले, त्यामुळे तिथे तो पुढेही नव्हताच. कॉन्फिगमध्ये यूएएस नसला तर जुना यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर बिनबोभाट काम हाती घेतो, एका वेळी एकच आज्ञा पाठवत. डिस्क चालते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. उलट काही ब्रिज यूएएसवर लटकतात, तेव्हा ठरावीक उपकरणासाठी तो बंद करावा लागतो. इथेही मेख आहे: यूएसबी-स्टोरेज वेगळे लोड होणारे मॉड्यूल असेल तर ही सूचना मोडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या साधनाच्या) फाइलीत चालते, कर्नलमध्येच बांधलेला असेल तर ती कमांडलाइनवरच द्यावी लागते. कोणत्या डिस्ट्रोने काय केले आहे हे कॉन्फिग उघडल्याशिवाय कळत नाही.

पीसीआयई दुव्यावर चालणाऱ्या एनव्हीएमई डिस्क आल्यापासून भांडणाला आणखी दोन पक्ष मिळाले आहेत. पीसीआयई दुव्याला झोपू द्यायचे की नाही याचे मूळ धोरणही कर्नल बांधताना ठरते, आणि वीजबचतीचा पर्याय निवडला तर दर जागे होण्याला वेळ लागतो. रॉकचिपच्या व्हेंडर कर्नलमध्ये रॅमच्या वेगालाही स्वतंत्र गव्हर्नर आहे. प्रोसेसर कमाल वेगावर खिळवला तरी रॅम मागे राहू शकते. 2023 च्या पाय 5 सोबत 16 केबी पानांचा (मेमरीच्या तुकड्यांचा) कर्नल आला, आणि 4 केबी ब्लॉकची एफटूएफएस फाइल सिस्टीम त्यावर माउंटच होईना.

कॉन्फिगचे तुकडे जोडणाऱ्या कर्नलच्या स्क्रिप्टचा नियम असा, की एकच पर्याय दोन तुकड्यांत असेल तर शेवटचा जिंकतो. स्क्रिप्ट तशी सूचना छापते. बिल्डच्या लॉगमध्ये ती सापडते.