पार्श्वभूमी : पोवाडा 'प्रचारकी' केव्हापासून?

अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आज उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात. प्रसंग 1659 चा. शेवटाकडे शाहीर स्वतःची बिदागीही गाऊन मोकळा होतो: इनामात घोडा, हातात शेरभर सोन्याचा तोडा. कुणाचे खाल्ले ते लपवावे असे त्याला वाटलेच नाही.

बाकी सामग्री महाकाव्याची. फौजेची लांबलचक मोजदाद, शकुन-अपशकुन, नावाला चिकटलेली बिरुदे, सढळ हाताने वाढवलेले आकडे. सिंहगडाच्या पोवाड्यात कड्यावर यशवंती घोरपड चढते. सभासदाच्या बखरीत दोन मावळेच वानरासारखे चढून जातात. लोकांच्या डोक्यात राहिली ती घोरपड. आणि मागे झीलकऱ्यांचे, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांचे, 'जी जी रं जी'. शाहीर काहीतरी ठोकून देतो, मागचे दोघे लगेच होकार भरतात, आणि पोवाड्याच्या तिसऱ्या चौकापर्यंत, म्हणजे तिसऱ्या कडव्यापर्यंत, समोरचा माणूसही मान हलवू लागतो. पटवून देण्याची याहून स्वस्त युक्ती मला ठाऊक नाही.

बिरुदाची ताकद ओळखली ती 1869 मध्ये शिवाजीराजांवर छापून निघालेल्या पोवाड्याने. 'गोब्राह्मणप्रतिपालक' म्हणून ज्याला गौरवत, तोच नायक इथे 'कुळवाडीभूषण' झाला. एका शब्दात राजा शेतकऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला. त्यावरचे भांडण अजून मिटलेले नाही. पुढे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात आपला मजकूर भरला.

खरा धुरळा उडाला तो 1940 नंतर. 1944 मध्ये मुंबईच्या गिरणगावात लाल बावट्याखाली तीन शाहिरांचे कलापथक उभे राहिले. स्टालिनग्राडच्या लढाईवरही पोवाडा झाला, डफावर, त्याच ठेक्यात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण दिले अश्लीलतेचे. मग तमाशाच्या फडाने नाव बदलून 'लोकनाट्य' केले, गणात, म्हणजे सुरुवातीच्या नमनात, गणपतीऐवजी मायभूमी आली, कृष्ण-गवळणींचा भाग असलेली गवळण गळाली. पळवाट म्हणा की नवा प्रकार, नाव टिकले. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत याच शाहीर मंडळींतल्या एकाची छक्कड (तमाशातल्या गाण्याचा एक प्रकार) गाजली. मुंबईत आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. ऐकणारा पुरता हळवा झाला की शेवटी कळते, हीच गत खंडित महाराष्ट्राची, बेळगाव-कारवार-डांग-उंबरगाव दुसऱ्यांच्या हाती. विरहाची कळ अलगद नकाशावर नेऊन ठेवली आहे. तंत्र म्हणून अव्वल.

सरकारला हे अश्लील वाटले, तर समीक्षकांना प्रचारकी. या दुसऱ्या शब्दापाशी मात्र थांबायला हवे, कारण 'प्रचार' हा मराठीत दुतोंडी शब्द आहे. दर निवडणुकीत 'प्रचाराच्या तोफा थंडावल्या' असे छापून येते आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. खादीचा प्रचार, साक्षरतेचा प्रचार ही तर पुण्याची कामे. त्यालाच 'की' लागला की शिवी होते: प्रचारकी कादंबरी, प्रचारकी नाटक. 'अप' लागला तर सरळ खोटेपणा. महायुद्धांत 'प्रोपगंडा' या शब्दाला जो काळिमा लागला, तो मराठीने मूळ शब्दाला न फासता त्याच्या शेपटीला फासला, असे मला दिसते. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादाने ही शेपटी आणखी धारदार केली. गंमत अशी की ती लागली फक्त एका बाजूला. खर्ड्याच्या लढाईवरचे (1795) पोवाडे, ज्यांत पेशवाईचे तोंडभर कौतुक आहे, ते ऐतिहासिक आणि वीररसप्रधान; गिरणी कामगाराच्या संपावर कवन झाले की मात्र प्रचारकी. तोडा दिसला की वीररस, बावटा दिसला की प्रचार, असा हा हिशेब. बोलीभाषा यापेक्षा प्रामाणिक. 'साहेबांचे पोवाडे गाऊ नकोस' असे म्हणताना तिने शिवाजीचा शाहीर आणि कचेरीतला लाळघोट्या यांना कधीच एका रांगेत बसवले होते.

1 मे 1960 नंतर पोवाडा शासकीय समारंभांत शिरला आणि कुणी त्याला प्रचारकी म्हणेनासे झाले. योजनांची माहिती देणारी कलापथके गावोगाव फिरली. आता निवडणुकीत रिक्षावर भोंगा बांधून तो वॉर्डावॉर्डांत फिरतो. चाल तीच, डफ रेकॉर्ड केलेला, शूर, दानी, कैवारी ही बिरुदेही तीच. एका ठिकाणी आवाज किंचित तुटतो आणि पट्टी बदलते. तिथे उमेदवाराचे नाव नंतर घातलेले असते. त्यामागचे 'जी जी' मात्र मूळचेच.