पेटीवर सापडलेले पाच सूर

मुंबईहून जुन्या महामार्गाने पुण्याला येताना खोपोलीच्या अलीकडे खालापूर लागते. त्याच्या जवळच्या हाळ या लहानशा गावात स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या १९७७ च्या चित्रपटातील एक प्रसंग चित्रित केला होता. पडद्यावर ते ठिकाण उत्तर भारतातील धरमशाला म्हणून दिसते. मोठा जनसमुदाय एकच सुरावट पुन्हा पुन्हा गात असतो. हे सूर कोठून आले, असे फ्रेंच शास्त्रज्ञ विचारतो आणि त्याच क्षणी शेकडो हात बोटे रोखून आकाशाकडे उठतात. परग्रहावरील पाहुण्यांचे पुष्कळ चित्रपट मी पुढे पाहिले, परंतु त्या उठलेल्या हातांइतके मनात घर करून राहिलेले दृश्य दुसरे नाही.

हा चित्रपट मी ऐंशीच्या दशकात सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात, एका रात्रीपुरत्या भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला. इंग्रजी संवाद आजीला समजत नव्हते, पण ती शेवटपर्यंत बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी काढली, भात्यावर हात ठेवला आणि दोन-तीन प्रयत्नांत ती सुरावट शोधून काढली. “रे, ग, सा, मग खालचा सा, आणि शेवटी मंद्रातला प,” ती म्हणाली. “बघ, सा वर थांबत नाही, प वर सोडून दिलंय. म्हणजे समोरच्यानं उत्तर द्यायचं आहे.”

संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या या पाच सुरांचे मर्म तिने अचूक ओळखले होते, असे मला आजही वाटते. चित्रपटात शास्त्रज्ञ आणि अवकाशयान यांच्यात शेवटी जो संवाद घडतो, तो या सुरांपासूनच सुरू होतो.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या कल्पनेत बरेच तथ्य आहे. मध्य सप्तकातील षड्जाची, म्हणजे सा ची, कंपनसंख्या एक धरली, तर शुद्ध रिषभ नऊ अष्टमांश, शुद्ध गंधार पाच चतुर्थांश, मंद्र (खालच्या सप्तकातील) षड्ज निम्मा आणि मंद्र पंचम पाऊण येतो. (पेटीचे स्वर या गुणोत्तरांपासून किंचित ढळलेले असतात, पण आपला कान ते चालवून घेतो.) सा काळी चारमध्ये धरा किंवा सफेद एकमध्ये, ही गुणोत्तरे बदलत नाहीत. सेकंद आणि मीटर ही मापे माणसाने ठरवलेली असल्यामुळे परक्या ग्रहावर त्यांना अर्थ नाही. तीनास चार हे प्रमाण मात्र कोठेही तेच राहते. त्या पाहुण्यांना कान असतील का आणि असल्यास त्यांना पंचम गोड लागेल का, हा निराळा प्रश्न आहे. आपला कानसुद्धा साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी ऐकतो.

त्या काळातील चांगल्या चित्रपटांचे मोठेपण मला येथेच दिसते. पहिले बोलणे कोणत्या भाषेत होईल, याचा त्यांनी मनापासून विचार केला. रॉबर्ट वाइज यांच्या १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ मधील पाहुणा एका प्राध्यापकाच्या घरी जातो आणि फळ्यावर अडून राहिलेले गणित दुरुस्त करतो. स्वतःची ओळख पटवण्यासाठी त्याला तेवढे पुरते. १९९७ च्या ‘कॉन्टॅक्ट’ मध्ये संदेशाची खूण म्हणून मूळ संख्या येतात. स्पीलबर्ग यांचे सल्लागार तर खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक होते. उडत्या तबकड्यांविषयीच्या अमेरिकी हवाई दलाच्या चौकशीत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते, आणि चित्रपटाचे नावही त्यांनीच केलेल्या वर्गीकरणातून आले. शेवटच्या प्रसंगात ते क्षणभर पडद्यावर दिसतात.

पाहुणे प्रत्यक्ष येतील, हे मात्र फार अवघड आहे. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर-१ यानाला एवढे अंतर कापायला ७५ हजार वर्षांच्या आसपास लागतील. म्हणूनच १९५९ साली ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी रेडिओ लहरींकडे लक्ष वेधले. विश्वात सर्वाधिक आढळणारा हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, स्वतःच एक सूर लावून असतो. संदेश पाठवू पाहणारा कोणीही बुद्धिमान जीव तो सूर ओळखणारच, असा त्यांचा तर्क होता. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांच्या दिशेने दुर्बीण रोखून त्या कंपनसंख्येजवळ ऐकण्याचा प्रयत्न केला. उत्तर आले नाही. १९७४ साली पोर्तो रिकोतील आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून आपण जो संदेश पाठवला, त्यातील चिन्हांची संख्या मुद्दाम १६७९ ठेवली होती. २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार असल्यामुळे चिन्हे ओळी-स्तंभांत मांडून चित्र कसे काढायचे, हे त्या संख्येतूनच सुचते.

हायड्रोजनचा सूर ऐकणारी एक मोठी दुर्बीण पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. शेतांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, की तारांच्या जाळीची ती प्रचंड तबकडी सावकाश मान वळवताना दिसते.

याच दुर्बिणीने टिपलेल्या एका संकेताची बातमी २०२३ च्या जानेवारीत आली. मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत ओळखला होता. तो ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला होता आणि वाटेत आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगासारखे काम केल्यामुळे आपल्यापर्यंत अधिक ठळकपणे पोहोचला. तो कोणी पाठवलेला संदेश नव्हता. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याची तरंगलांबी २१ वरून ४८ सेंटिमीटर झाली होती आणि १४२० मेगाहर्ट्झचा सूर ६२० च्या आसपास उतरला होता. ते वाचले तेव्हा मी माळ्यावरून आजीची पेटी खाली काढली. मध्य सा म्हणजे १४२० चा सूर असे धरले, मंद्र सा ओलांडला आणि त्याखालच्या कोमल निषादावर बोट टेकवले. तो संकेत या स्वराच्याही किंचित खाली होता. तिथे पेटीला पट्टी नाही.