स्पॅनिश भाषक आणि दोन चुंबने : एक खुलासा

स्पॅनिश बोलणारे सगळेच लोक भेटताच दोन्ही गालांवर चुंबन घेतात, हा वर्षानुवर्षे फिरत आलेला समज मुख्यतः स्पेनपुरताच खरा आहे. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली या देशांत एकच चुंबन पुरते, आणि तेही बहुधा स्त्रिया परस्परांना किंवा स्त्री-पुरुष एकमेकांना भेटतात तेव्हा. पुरुष आपसांत हस्तांदोलन करतात, सलगी असल्यास मिठी मारून पाठ थोपटतात. अर्जेंटिनात मात्र पुरुष मित्रही निःसंकोचपणे गालाला गाल लावतात, जे स्पेनमधील पुरुष कुटुंबाबाहेर सहसा करत नाहीत. शिवाय (आपल्याकडे ज्याची उगाच धास्ती वाटते ते) ओठ गालावर टेकतातच असे नाही. बहुतेकदा चुंबनाचा नुसता आवाज होतो. कामानिमित्तच्या पहिल्या भेटीत तर स्पेनमध्येही हात पुढे करणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे.